दोन पट्टे कुठे गेले?

वॉशिंग्टनला गेलेला पाहुणा स्मिथसोनियनच्या अमेरिकी इतिहास संग्रहालयात शिरला, की फिरत फिरत एका अंधाऱ्या दालनात पोहोचतो. तिथे काचेपलीकडे, मंद उजेडात, एक अवाढव्य जुना झेंडा पसरून ठेवला आहे. त्याची कडा झिजलेली आहे आणि एक तारा कुणीतरी कापून नेलेला आहे. १८१४ च्या सप्टेंबरात बाल्टिमोरच्या किल्ल्यावर हा झेंडा पाहून फ्रान्सिस स्कॉट की नावाच्या वकिलाला कविता सुचली आणि १९३१ मध्ये तीच अमेरिकेचे अधिकृत राष्ट्रगीत झाली. इथवरची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. पण पट्टे मोजायला घेतले, तर ते १५ भरतात. बाहेर येऊन रस्त्यावरच्या कुठल्याही झेंड्याचे पट्टे मोजा: १३.

घोळ एवढ्यावर संपत नाही. त्या जुन्या झेंड्यावर ताऱ्यांनाही जागा १५ च आहेत आणि १८१४ मध्ये अमेरिकेत राज्ये होती १८. आज तारे ५० आणि राज्येही ५०, पट्टे मात्र १३. म्हणजे देश वाढत असताना झेंड्याचे पट्टे आधी १३ वरून १५ झाले आणि पुन्हा १३ वर आले.

असे का झाले ते पाहताना एक गंमत कळते. या देशाने आपला झेंडा नेमका कसा दिसावा हे ठरवायला १९१२ पर्यंत वेळ लावला. तो कधी आणि कसा बदलायचा हे मात्र त्याच्या कितीतरी आधी, १८१८ मध्येच ठरवून टाकले होते.

शत्रूच्या निशाणावर सहा पांढऱ्या पट्ट्या

१७७५ मध्ये अमेरिकेतल्या १३ वसाहती ब्रिटनशी लढत होत्या, पण स्वातंत्र्य अजून जाहीर झालेले नव्हते. भांडण पार्लमेंटशी आणि मंत्र्यांशी आहे, राजाशी नाही, असे म्हणणारे पुष्कळ होते. अशा अधांतरी अवस्थेत झेंडाही अधांतरीच निघाला. ब्रिटिश जहाजांवर तेव्हा एक लाल निशाण असे. सगळे कापड लाल, आणि डोलकाठीजवळच्या वरच्या कोपऱ्यात ब्रिटनचे क्रुसांचे चिन्ह. वसाहतींनी त्याच लाल कापडाला ६ पांढऱ्या पट्ट्या शिवल्या. मधे ६ पांढऱ्या पट्ट्या आल्या की लालाचे ७ भाग पडतात. एकूण झाले १३, वसाहतींइतके. कोपऱ्यातले ब्रिटिश चिन्ह तसेच राहिले. कापड हाताशी होते, काम एका दुपारचे होते.

डिसेंबर १७७५ मध्ये फिलाडेल्फियाच्या बंदरात ‘आल्फ्रेड’ या जहाजावर जॉन पॉल जोन्स या तरुण अधिकाऱ्याने हे निशाण चढवले. पण शत्रूच्या झेंड्यात एवढीशीच दुरुस्ती केली की शत्रूचाही गोंधळ होतो. जानेवारी १७७६ मध्ये जनरल वॉशिंग्टनच्या छावणीवर संयुक्त वसाहतींचा झेंडा चढला, तेव्हा बोस्टनमधल्या ब्रिटिशांना वाटले, हे शरण आले. वॉशिंग्टनने स्वतः एका पत्रात ही हकिकत जराशा मिश्कीलपणे लिहून ठेवली आहे.

हे निशाण त्या काळच्या सुरतेच्या किंवा मुंबईच्या बंदरातल्या माणसाला दाखवले असते, तर त्याने ते चटकन ओळखले असते, आणि साफ चुकीचे ओळखले असते! कारण ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरचा झेंडा जवळजवळ असाच होता: कोपऱ्यात ब्रिटिश चिन्ह, बाकी सगळे लाल-पांढरे आडवे पट्टे. अमेरिकनांनी कंपनीची नक्कल केली, असे मानणारे अभ्यासक आहेत. पुरावा कुणाकडेच नाही. ज्या कंपनीचा चहा १७७३ मध्ये बोस्टनच्या पाण्यात फेकला, तिचाच झेंडा दोन वर्षांत डोक्यावर घ्यावा, हे मला तरी पटत नाही. लाल कापडावर पांढऱ्या पट्ट्या शिवण्याची युक्ती दोन ठिकाणी वेगवेगळी सुचण्याइतकी सोपी आहे.

एका वाक्याचा ठराव

स्वातंत्र्य जाहीर झाल्यावर कोपऱ्यातले ब्रिटिश चिन्ह ठेवणे शक्यच नव्हते. १४ जून १७७७ रोजी वसाहतींच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, नौदलाच्या किरकोळ कामकाजात एका वाक्याचा ठराव करून टाकला. लाल-पांढरे १३ पट्टे असावेत, आणि कोपऱ्यात निळ्या जमिनीवर १३ पांढरे तारे, जणू एक नवे नक्षत्र. संपले.

या वाक्यात काय नाही ते पाहिले, की पुढचा शंभर वर्षांचा गोंधळ कळतो. तारे गोलात मांडायचे की ओळीत, ते सांगितले नाही. ताऱ्याला ५ टोके की ६ की ८, तेही नाही. झेंड्याच्या लांबीरुंदीचे प्रमाण नाही, निळा कुठला ते नाही, रंगांचा अर्थ नाही. शाळांमधून लाल म्हणजे शौर्य, पांढरा म्हणजे निर्मळता असे शिकवतात, ते १७८२ मध्ये राजमुद्रेबद्दल लिहिलेले आहे, झेंड्याबद्दल नाही.

त्यामुळे ज्याला जसे सुचले तसे त्याने शिवले. १७७८ मध्ये पॅरिसमध्ये बसलेल्या बेंजामिन फ्रँकलिन आणि जॉन ॲडम्स यांना नेपल्सच्या राजदूताने तुमचा झेंडा कसा असतो असे विचारले. त्यांनी लेखी कळवले, की पट्टे लाल, पांढरे आणि निळे असतात! देशाच्या प्रतिनिधींची ही तऱ्हा. पुढच्याच वर्षी जोन्सने ‘सेरापिस’ हे ब्रिटिश जहाज पकडून हॉलंडच्या बंदरात नेले. त्याला चाचा म्हणून आमच्या ताब्यात द्या, असा ब्रिटनने लकडा लावला. समुद्रावर झेंडा म्हणजे जहाजाची ओळख. ओळखीचा झेंडा नसेल तर ते जहाज लुटारूंचे. डच अधिकाऱ्यांनी मग जोन्सच्या झेंड्याचे चित्र काढून नोंदवहीत लावले. त्या चित्रातही पट्टे तिरंगी आहेत आणि तारे ८ टोकांचे.

झेंडा आखला कुणी? बेट्सी रॉस या फिलाडेल्फियाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईचे नाव घेतले जाते. वॉशिंग्टन स्वतः तिच्या दुकानात आला, आणि ५ टोकांचा तारा एका कात्रीत कसा कापावा ते तिने त्याला दाखवले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. पण ती पहिल्यांदा जाहीरपणे सांगितली तिच्या नातवाने, १८७० मध्ये, म्हणजे जवळपास शंभर वर्षांनी. १७७७ मध्ये तिला पेनसिल्व्हेनियाच्या नौदलाची निशाणे शिवल्याचे पैसे मिळाले, एवढेच कागदावर आहे. कागदपत्रांचा जोर दुसऱ्याच माणसाकडे आहे. फ्रान्सिस हॉपकिन्सन, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा न्यू जर्सीचा प्रतिनिधी. त्याने १७८० मध्ये सरकारला कळवले, की झेंडा मी आखला आहे, मोबदला म्हणून सरकारी वाइनचे एक लहान पिंप मिळाले तरी चालेल. मग पैशाचे रीतसर बिलही पाठवले. सरकारने त्याला काही दिले नाही. या कामात तुम्ही एकटेच नव्हता, असे उत्तर आले. अर्ज नामंजूर करण्याची सरकारी भाषा सगळीकडे सारखीच असावी.

लग्नपत्रिकेवर नावे वाढतात तशी

१७९१ मध्ये व्हरमाँट आणि १७९२ मध्ये केंटकी ही दोन राज्ये आली. त्यांचे म्हणणे रास्त होते: आम्ही बरोबरीचे, मग झेंड्यावर आम्ही कुठे आहोत? १७९४ मध्ये काँग्रेसने कायदा केला, की १ मे १७९५ पासून १५ तारे आणि १५ पट्टे. सभागृहात तेव्हाच काही सदस्य वैतागले होते. मॅसॅच्युसेट्सच्या एका प्रतिनिधीने बजावले, की अशी भर घालत बसलो तर पुढची शंभर वर्षे हेच चालेल.

आपल्याकडे लग्नपत्रिकेवर निमंत्रकांची नावे छापताना हेच होते. मोठ्या काकांचे नाव घातले की धाकट्या काकांचे घालावे लागते, मग मामा राहिले, मग आत्या. एकदा यादी सुरू केली की थांबायचे कुठे हे कुणालाच सांगता येत नाही, आणि राहिलेला माणूस रुसतो. व्हरमाँट-केंटकीची नावे छापली, आणि १७९६ मध्ये टेनेसी आले, १८०३ मध्ये ओहायो, १८१२ मध्ये लुइझियाना. त्यांच्यासाठी कुणी कायदा केला नाही. झेंडा १५ वर अडकून राहिला, तब्बल २३ वर्षे. संग्रहालयातला झेंडा याच काळातला आहे, म्हणून १५ पट्टे आणि १८ राज्ये हे गणित जुळत नाही.

तीस फूट बाय बेचाळीस फूट

१८१३ मध्ये ब्रिटनशी दुसऱ्यांदा युद्ध सुरू असताना बाल्टिमोरच्या फोर्ट मॅकहेन्रीचा मेजर जॉर्ज आर्मिस्टेड याला शत्रूला लांबून दिसेल असा मोठा झेंडा हवा होता. काम मेरी पिकर्सगिल या विधवा बाईला मिळाले. तिने मुलगी, पुतण्या-भाच्या आणि करारावर कामाला असलेली ग्रेस विशर ही कृष्णवर्णीय मुलगी यांच्या मदतीने ते केले. झेंडा ३० फूट उंच, ४२ फूट लांब. एकेक पट्टा सुमारे २ फूट रुंद, कापड लोकरीचे, तारे सुती. घरात पसरायला जागा पुरेना म्हणून शिवण जवळच्या एका दारूभट्टीच्या फरशीवर झाली. बिल झाले ४०५ डॉलर ९० सेंट.

१३ सप्टेंबर १८१४ पासून ब्रिटिश जहाजांनी सुमारे २५ तास किल्ल्यावर मारा केला. त्यात काँग्रीव्हचे अग्निबाण होते, आणि ते बाण ब्रिटिशांनी बनवले ते म्हैसूरच्या फौजेकडून मिळालेल्या अग्निबाणांवरून. राष्ट्रगीतात ज्या बाणांचा लाल उजेड आहे, त्यांचे मूळ असे आपल्याकडे येऊन पोहोचते. किल्ला पडला नाही. सकाळी मोठा झेंडा चढला आणि कीला कविता सुचली.

मुंबईत याला जोडून आणखी एक गोष्ट अभिमानाने सांगितली जाते. कीने ती कविता ‘मिंडेन’ या जहाजावर लिहिली, आणि ‘मिंडेन’ जमशेदजी बोमनजी वाडियांनी मुंबईच्या गोदीत बांधले होते. जहाजाबद्दलचे म्हणणे बरोबर आहे. ते १८१० मध्ये मुंबईतच पाण्यात उतरले. पण की त्या रात्री होता तहाचे निशाण लावलेल्या अमेरिकी जहाजावर. तो एका अटकेतल्या डॉक्टरला सोडवायला ब्रिटिश आरमाराकडे गेला होता. वाडियांना उसन्या श्रेयाची गरजही नाही. त्यांच्याच गोदीतल्या ‘कॉर्नवॉलिस’ जहाजावर १८४२ मध्ये चीनबरोबरचा नानकिंगचा तह झाला, आणि तो इतिहास पक्का आहे.

आर्मिस्टेडच्या घरच्यांनी पुढे या झेंड्याचे तुकडे आठवण म्हणून लोकांना कापून दिले. त्यामुळे आज तो सुमारे ८ फूट आखूड आहे.

पट्टे का वाढवता येत नाहीत

१८१६-१७ मध्ये इंडियाना आणि मिसिसिपी आल्यावर राज्ये २० झाली. न्यूयॉर्कचे प्रतिनिधी पीटर वेंडोव्हर यांनी काँग्रेसपुढे सांगितले, की आपल्याच राजधानीत बघा: नौदलाच्या गोदीत १८ पट्ट्यांचा झेंडा आहे आणि आपण बसलो आहोत त्या इमारतीवर ९ पट्ट्यांचा. काहीतरी कायमचे ठरवणे भाग होते.

सगळ्यांना समान न्याय म्हणून २० पट्टे का करू नयेत? इथे साधे मोजमाप आडवे येते. झेंडा ६ फूट उंच धरा, म्हणजे ७२ इंच. १३ पट्टे असतील तर एकेक साडेपाच इंचांचा होतो. २० केले तर साडेतीन इंचांच्या थोडा वर. ५० केले तर दीड इंचही नाही. आणि झेंडा पाहायचा असतो दूरच्या जहाजावरून, दुर्बिणीतून, वाऱ्यावर हलताना. पट्टे अरुंद झाले की लाल-पांढरे वेगळे दिसतच नाहीत, नुसते गुलाबी फडके दिसते. पट्ट्याला झेंड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जावे लागते, म्हणून प्रत्येक नवा पट्टा बाकी सगळ्यांची जागा खातो. तारा एका कोपऱ्यात बसतो. तो थोडा लहान केला तरी चालते, कारण लांबून पाहणारा तारे मोजत नाही. निळ्या चौकोनात पांढरे ठिपके दिसले की त्याला पुरते.

हा फरक कॅप्टन सॅम्युएल चेस्टर रीड या खलाशाने हेरला, आणि ते त्यालाच सुचावे यात नवल नाही. त्याने सुचवले, की पट्टे १३ वर परत न्यावेत, सुरुवातीच्या वसाहतींची खूण म्हणून, आणि राज्यांची भर फक्त ताऱ्यांत पडावी. ४ एप्रिल १८१८ रोजी अध्यक्ष मन्रो यांनी कायद्यावर सही केली. रीडच्या पत्नीने शिवलेला पहिला झेंडा संसदेवर चढलासुद्धा १३ एप्रिललाच, कायदा लागू व्हायच्या आधी. त्यात रीडच्या कल्पनेप्रमाणे २० ताऱ्यांचा मिळून एक मोठा तारा केला होता. तो दिसायला सुंदर होता, शिवायला कटकटीचा. नौदलाने आपले ५-५ ताऱ्यांच्या ४ ओळींवर भागवले.

माझ्या मते या कायद्यातला सर्वांत हुशार भाग वेगळाच आहे. राज्य आले की त्यानंतरच्या ४ जुलैला त्याचा तारा आपोआप चढेल, असे त्यात लिहिले. नवा कायदा नको, नवी चर्चा नको, रुसवे नकोत. व्हरमाँटने केली तशी मागणी पुढे कुणालाच करावी लागली नाही.

यादवी युद्धात या नियमाची खरी परीक्षा झाली. दक्षिणेची ११ राज्ये फुटली, त्यांचे तारे काढा अशी मागणी उत्तरेत होत होती. लिंकनने एकही तारा काढला नाही. फुटणे त्याला मान्यच नव्हते, मग तारे कसे काढणार? उलट युद्ध चालू असतानाच कॅन्सस आणि वेस्ट व्हर्जिनियाचे दोन वाढले.

३ जुलैला आलेले राज्य

नियम चोख असला तरी झेंडे विकणाऱ्यांची त्याने झोप उडवली. ४ जुलैला झेंड्यांची विक्री सर्वांत जास्त. माल आधी शिवून ठेवावा लागतो आणि तारे किती असणार हे काँग्रेसच्या हातात. नोव्हेंबर १८८९ मध्ये दोन डकोटा, मोंटाना आणि वॉशिंग्टन अशी ४ राज्ये एकदम आली. ३८ चे ४२ झाले. कारखानदारांनी ४२ ताऱ्यांचे झेंडे तयार केले. आणि ३ जुलै १८९० ला, अगदी आदल्या दिवशी, आयडाहो दाखल झाले. दुसऱ्या दिवसाचा अधिकृत झेंडा ४३ ताऱ्यांचा ठरला. ४२ ताऱ्यांचा झेंडा कायद्याने कधी अस्तित्वातच आला नाही, पण जुन्या वस्तूंच्या बाजारात तो आजही मिळतो. आणखी एका आठवड्याने, १० जुलैला, वायोमिंग आले. त्याच्या ताऱ्याला वर्षभर थांबावे लागले.

| चौकट: झेंडा कसा बदलत गेला |
|---|
| १७७५: १३ पट्टे, कोपऱ्यात ब्रिटिश चिन्ह |
| १७७७: १३ पट्टे, १३ तारे, मांडणी ठरलेली नाही |
| १७९५: १५ पट्टे, १५ तारे |
| १८१८: पुन्हा १३ पट्टे, २० तारे; नवा तारा पुढच्या ४ जुलैला |
| १९१२: ४८ तारे, मांडणी आणि प्रमाण पहिल्यांदाच निश्चित |
| १९५९: ४९ तारे, फक्त एका वर्षापुरते |
| १९६०: ५० तारे, हा २७ वा अधिकृत झेंडा |

पन्नास तारे बसवायचे कसे

१९१२ पर्यंत तारे कसेही मांडलेले चालत. कुणी गोलात लावी, कुणी ओळीत, कुणी मोठ्या ताऱ्याच्या आकारात. त्या वर्षी न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना आल्यावर अध्यक्ष टाफ्ट यांनी हुकूम काढून ८ ताऱ्यांच्या ६ ओळी, प्रत्येक ताऱ्याचे एक टोक वर, आणि झेंड्याचे माप असे सगळे बांधून दिले. ४८ हा आकडा तसा मवाळ. ६ गुणिले ८ केले की काम झाले.

४९ ला ७ गुणिले ७ चालले. ५० मात्र ५ गुणिले १० केले तर फारच लांबुडके दिसते. म्हणून एक जुनी युक्ती कामी आली: एक ओळ ६ ताऱ्यांची, दुसरी ५ ची, आणि खालच्या ओळीतले तारे वरच्या ओळीच्या फटींमध्ये. अशा ९ ओळी, म्हणजे ६ च्या ५ आणि ५ च्या ४. ३० अधिक २०. पहिल्या १३ ताऱ्यांच्या कित्येक झेंड्यांवरही हेच होते, ३-२-३-२-३. लोकांनी अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्याकडे हजारो नमुने पाठवले होते, आणि ही मांडणी त्यांत अनेकांना सुचली होती. ओहायोच्या एका शाळकरी मुलाने तो नमुना केला आणि मास्तरांनी त्याला कमी गुण दिले, अशी एक गोष्ट आहे. बेट्सी रॉसच्या गोष्टीइतकीच ती जपून घ्यावी.

स्किप गॅरिबाल्डी या गणितज्ञाने १ ते १०० पर्यंतचे आकडे अशा साध्या मांडण्यांत बसतात का ते तपासले. २९, ६९ आणि ८७ हे तीनच आकडे बसत नाहीत. २९ ताऱ्यांचा झेंडा प्रत्यक्षात होता, १८४७ मध्ये. विस्कॉन्सिन आले आणि वर्षातच त्यातून सुटका झाली. ६९ आणि ८७ ची चिंता आज कुणी करायला नको. ५१ ला तर अडचणच नाही: ९ आणि ८ च्या आलटून पालटून ६ ओळी. राज्याचा दर्जा मागणाऱ्या वॉशिंग्टन शहराने २०१९ च्या ४ जुलैसाठी ५१ ताऱ्यांचे झेंडे रस्त्यावर लावूनही दाखवले. ते राज्य खरोखर ५ जुलैला झाले, तर १८१८ च्या नियमाप्रमाणे त्याचा तारा चढायला ३६४ दिवस लागतील.